सहा नंबरची किटबॅग

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर तुम्ही आधी नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. ओले मोजे, चिखल, गवत आणि दुखऱ्या पायांना चोळायचं मलम, या सगळ्यांचा मिळून एक वास असतो. तो माझ्या अंगात इतका मुरला आहे, की कितीही धुतलं तरी जात नाही. मला त्याची लाज वाटत नाही. दुकानात टांगलेल्या कोऱ्या बॅगांना दुकानाचा वास येतो. माझा वास मी स्वतः कमावला आहे.

मी शालूची किटबॅग. शालू म्हणजे फुटबॉल खेळणारी शालू, सहा नंबरचा शर्ट घालून मैदानाच्या मधोमध उभी राहणारी. तिच्यासोबत मी देशभर हिंडले. जिंकलेल्या सामन्यांनंतर लोकांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं आहे आणि हरल्यावर भिंतीवर आपटलंही आहे. एवढं सगळं पाहिल्यावर स्वतःची गोष्ट सांगायचा हक्क मला आहे, असं मी समजते.

माझा जन्म छावणीतला. माझं कापड मुळात लष्कराच्या तंबूचं. तंबू जुना झाला, लिलावात निघाला आणि त्याचा एक तुकडा छावणीच्या बाजारात सांडूमियाँ शिंप्याच्या दुकानात येऊन पडला. तिथं तो बरेच दिवस मशीनखाली पाय पुसायला होता. एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, सुरेखा मॅडम दुकानात आल्या. त्या फुलंब्रीच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांची फुटबॉल ठेवायची जाळी चौक्याच्या घाटात, भरल्या एसटीत फाटली होती. सगळे बॉल बसभर गडगडले आणि एक तर कंडक्टरने फुलंब्री येईपर्यंत दोन्ही पायांत दाबून धरला होता. हे सांगताना मॅडम स्वतःच हसत होत्या.

"मजबूत बॅग पाहिजे सांडूभाई. आमच्या पोरी लई आपटतात."

सांडूमियाँनी पायाखालचा तुकडा उचलला, झटकला आणि दोन्ही हातांनी ताणून दाखवला. "तंबू का कपडा है मॅडम. फटता नइ. फाडनेवाला थक जाता."

त्यांनी माझ्या तळाला दुहेरी शिलाई घातली. पितळी चेन बसवली. पट्टा असा जोडला, की तो तुटायच्या आधी माणसाचा खांदा दुखेल. संध्याकाळी मी मॅडमच्या मांडीवर बसून फुलंब्रीला गेले. पोटात बॉल होते आणि मला फार ऐट आली होती.

शाळेचं मैदान एका बाजूला उतरतं होतं. खालच्या अंगाला मक्याचं शेत आणि त्यापलीकडे माळ. त्या माळावर त्रिंबक नावाचे मेंढपाळ मेंढरं चारायचे. शनिवारी शाळा सुटली की त्यांची मुलगी कळपामागे असायची. ती शालू. तेव्हा सातवीत होती. खेळायला येत नव्हती, कारण खेळाचा तास आणि मेंढरं वळायची वेळ एकच होती.

एका शनिवारी एका मुलीने मारलेला बॉल मका ओलांडून थेट मेंढरांत गेला. मेंढरं बिथरली. शालूने बॉल अनवाणी पायाखाली घेतला आणि परत मारायच्या आधी मान वळवून मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. मैदानाच्या मक्याकडच्या टोकाला चार-पाच मुली "इकडं दे, इकडं दे" म्हणून ओरडत होत्या. शालूने त्यांच्यापैकी कुणालाच बॉल दिला नाही. दूर पलीकडे एक मुलगी एकटीच उभी होती. बॉल मक्यावरून उडाला आणि बरोबर तिच्या पायाशी जाऊन टेकला.

सुरेखा मॅडम मला हातात धरून तशाच माळाकडे चालू लागल्या.

"मागं काय बघत होतीस गं?"

"मेंढरं." शालू दबकली होती. "पुढची आपली आपण चालत राहत्यात मॅडम. चुकतात ती मागचीच."

"आणि बॉल त्या एकटीलाच कामून दिलास?"

"बाकीच्यांच्या भवती गर्दी व्हती."

मॅडमनी त्रिंबकांना हाक मारली. ते काठी टेकत आले. मुलीने काही खोडी केली असावी, असं त्यांना वाटलं. मॅडम म्हणाल्या, "दादा, शनिवारी एक तास ही पोरगी मला द्या."

त्रिंबकांनी कळपाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "मैदान इथूनच दिसतंय," ते म्हणाले. "तिला तिकडं न्या. मेंढरं मी इकडं आणतो, म्हंजे दोन्हीवर लक्ष राहील."

अशी सुरुवात झाली. मित्रांनो, फुटबॉलमध्ये गोल मारणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. शालूची जागा मधली होती. मधल्या फळीतल्या खेळाडूने मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. तो कुणाला द्यायचा, हे बॉल पायाशी यायच्या आधीच ठरवायचं. शालू सामन्यात इतक्या वेळा मान वळवायची, की समोरचा संघ तिला चिडवायचा. तिला फरक पडत नव्हता.

ती नववीत असताना तिची राज्याच्या संघात निवड झाली. त्या दिवशी मॅडमनी माझ्यातले सगळे बॉल जमिनीवर ओतले आणि मला शालूच्या हातात दिलं.

"बॉल जाळीत राहतील. यात तुझं सामान ठेव. आणि मला परत आणून द्यायची नाही."

घरी गेल्यावर त्रिंबकांनी मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग आणला आणि माझ्या अंगावर बोटाने मोठा सहा काढला. "आपलं जनावर दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी वळखू आलं पाहिजे," ते म्हणाले. तो सहा थोडा तिरका आहे. अजून पुसला गेलेला नाही.

शालूची आई पुतळाबाई हिने पहिला मोठा सामना शहरात येऊन पाहिला. शालूचा संघ जिंकला. सगळ्या मुली उड्या मारत होत्या आणि पुतळाबाई मात्र खिन्न होऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली होती. शालू धावत आली तशी ती म्हणाली, "कामून गं, तुला गोल मारू देत नाय का त्या? तू आपली येतो तो चेंडू दुसरीला देऊन टाकती."

"माय, मव्हं कामच ते हाय."

"असं कसं काम? समदं दुसरीला?"

शालू हसून हसून खाली बसली. पण पुतळाबाई गंभीर होती. पुढे कितीतरी वर्षं फोनवर तिचा पहिला प्रश्न हाच असायचा, "आज तरी मारलास का?"

शालू शहरात कॉलेजला आली, विद्यापीठाकडून खेळली. त्या काळात मुलींनी फुटबॉल खेळायचा म्हणजे कॉलेज संपेपर्यंत. पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या बरोबरीच्या मुली एकेक करून पोलीस भरतीला लागल्या. शालूनेही भरतीसाठी सकाळी पळायला सुरुवात केली होती. आणि तेवढ्यात देशात महिलांची लीग सुरू झाली. केरळच्या एका क्लबने शालूला विद्यापीठाच्या स्पर्धेत पाहिलं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा ती फुलंब्रीच्या स्टँडवर बसची वाट बघत होती. मी तिच्या पायाशी होते. ती इंग्रजीत फक्त "यस सर" म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिने मला उचललं आणि स्टँडवरच्या गर्दीत दोन गिरक्या घेतल्या. एका म्हाताऱ्याच्या टोपीला माझा पट्टा लागला, तर तो रागावलाही नाही.

केरळच्या क्लबात मुली कुठून कुठून आलेल्या. कुणी मणिपूरची, कुणी बंगालची, कुणी तिथलीच. जेवणाच्या टेबलावर शालूला कुणाचं काही कळत नसे. पण मधली खेळाडू गप्प राहिली तर संघ आंधळा होतो. पहिल्या सरावात शालूला सगळ्यांना एकदम पुढे सरकवायचं होतं, आणि शब्द सुचेना. तेव्हा तिच्या तोंडून मेंढरं हाकायची आरोळी निघाली. "हुर्रर्र, हाऽऽ!" मैदानावर एक क्षण सगळ्या थांबल्या, मग हसल्या, आणि मग खरोखरच पुढे सरकल्या. महिन्याभरात ती आरोळी सगळ्या संघाची झाली. मणिपूरची एक मुलगी तर ती शालूपेक्षा चांगली मारायची.

क्लबने सगळ्यांना एकसारख्या, चाकांच्या, चकचकीत बॅगा दिल्या. मी खाटेखाली गेले. पूर्ण एक हंगाम मी तिथं जुन्या चपला पोटात घेऊन पडून होते. वाईट वाटलं, नाही असं नाही. सामन्याच्या दिवशी दार बंद व्हायचं आणि मी अंधारात एकटी. संध्याकाळी मुलींच्या पावलांच्या आवाजावरून निकाल ओळखायचा, एवढाच माझा उद्योग. दुसऱ्या हंगामात एका प्रवासात त्या चकचकीत बॅगेचं चाक निखळलं आणि चेन दात सोडून बसली. शालूने मला खाटेखालून ओढलं, धूळ झटकली, माझ्यावरच्या तिरक्या सहावर हात फिरवला. त्यानंतर मी पुन्हा कधी खाटेखाली गेले नाही.

त्या वर्षी शालूचा संघ उपांत्य सामना जिंकला. शेवटच्या मिनिटांत शालूने तिघींच्या मधून बॉल सरकवला आणि पुढच्या मुलीने गोल केला. गावाकडच्या पेपरात फोटो छापून आला. फोटोत गोल मारणारी मुलगी हात पसरून धावत होती आणि कडेला शालूचं फक्त कोपर आलं होतं. त्रिंबकांनी तो पेपर गुरुवारच्या बाजारात सगळ्यांना दाखवला. "हे कोपर मव्ह्या पोरीचं," ते सांगायचे. लोक हसायचे. ते पुन्हा दाखवायचे.

मग ओडिशाचा क्लब, तिथं कर्णधारपद, विमानाचे प्रवास. शालू चांगली खेळायची, मित्रांनो. मी मैदानाच्या रेषेबाहेर बसून सगळं पाहिलं आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते. ती संघातली सर्वांत वेगवान खेळाडू नव्हती. पण तिच्या पायाशी बॉल आला की बाकीच्या दहाजणी निश्चिंत व्हायच्या.

गुडघा गेला तो साध्या सरावात. कुणाचा धक्का नाही, काही नाही. ती वळली आणि खाली बसली, ती उठलीच नाही. ऑपरेशन झालं. ती फुलंब्रीला परतली आणि बरेच महिने अंगणातच तिचं मैदान झालं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी पायाने वजन उचलायला सांगितलं होतं. घरात वजन कुठलं? पुतळाबाईने माझ्यात मक्याचे दाणे ओतले. आधी दोन ओंजळी, मग पायली, मग त्याहून जास्त. मी शालूच्या पावलावर लटकायची आणि ती दात आवळून पाय वर न्यायची. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम, असं मी मानते. त्यात टाळ्या कुठल्याच नव्हत्या.

ती परत उभी राहिली, परत खेळली. पण आता मैदानावर तरण्या मुली आल्या होत्या. शालूला काय करायचं हे आधी दिसायचं, पाय मात्र थोडे उशिरा पोहोचायचे. एका हंगामानंतर क्लबने सांगितलं, की पुढच्या वर्षी तुमची गरज नाही. शालूने माझी चेन लावली आणि घरी येईपर्यंत उघडली नाही.

सुरेखा मॅडम तेव्हा नोकरीतून निवृत्त होऊन शहरात राहायला आल्या होत्या. शहरातल्याच गारखेड्याला एका मंडळाने मुलींचा फुटबॉल संघ काढला होता, त्यांना प्रशिक्षक हवी होती. मॅडम म्हणाल्या, "तू ये."

"मला शिकवता येत नाय मॅडम. मला खेळता येतं."

"मग शिकवायला शीक."

तिने प्रशिक्षकाचे अभ्यासक्रम केले. पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. पण कागदावरचं शिक्षण वेगळं आणि समोर उभ्या मुली वेगळ्या. सुरुवातीला ती फार चिडायची. एक मुलगी होती प्रेरणा. कामगार वसाहतीतून सायकलवर यायची, अंगाने काटकुळी, पण बॉल तिच्या पायाला चिकटून चालायचा. शालूला तिच्यात मोठी खेळाडू दिसत होती, म्हणून ओरडाही तिलाच जास्त बसायचा. एके दिवशी शालू रेषेवरून ओरडली, "अगं, बघ ना! बघ!"

प्रेरणा जागच्या जागी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय बघू ताई? तुम्ही नुसतं बघ बघ म्हणता. काय बघायचं ते सांगा की."

आयुष्यभर जे आपोआप केलं, ते शब्दांत कसं सांगायचं? ती त्या संध्याकाळी मला घेऊन मॅडमच्या घरी गेली. "तुम्ही मला कसं शिकवलं होतं?"

मॅडम चहा गाळत होत्या. "मी कुठं शिकवलं? मला तर नीट बॉल मारताही येत नव्हता. मी फक्त रोज मैदानावर येत होते आणि तू काय करतेस ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी शालूने ओरडणं बंद केलं. ती बघत राहिली. मग तिने एक खेळ काढला. मुलीने पाठ करून उभं राहायचं. समोरून बॉल येईल. तेवढ्यात शालू तिच्या मागे माझ्यातलं एक रंगीत जाकीट वर धरणार. बॉल पायाशी यायच्या आत मान वळवून रंग ओळखायचा आणि मोठ्याने सांगायचा. पहिल्या दिवशी मुली लाल म्हणता म्हणता बॉलवर अडखळून पडल्या. प्रेरणा सगळ्यात जास्त पडली. पण पावसाळा संपेपर्यंत ती मान अशी सहज वळवू लागली, जणू कुणी हाक मारली आहे.

संघ उभा राहत होता. आणि त्याच वर्षी अडचण आली. मधल्या फळीतल्या दोघी एकदम गेल्या, एकीला पुण्यात नोकरी लागली, दुसरीच्या घरचे गाव सोडून गेले. राज्याच्या लीगमध्ये जागा मिळवायची पात्रता स्पर्धा तोंडावर होती. या वर्षी जागा मिळाली नाही तर मुलींचा संघ बंद करायचा, असं मंडळाने ठरवून टाकलं होतं. संघाचं सगळं बघणारा गोकुळ म्हणाला, "ताई, तुम्हीच उतरा की. प्रशिक्षकानं खेळू नये असं कुठं हाय?"

शालूने खूप दिवसांनी बूट बांधले. मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिलाही झाला. ती मैदानात उतरली आणि लोक म्हणू लागले, अजून तीच शालू आहे. आम्ही सामने जिंकत गेलो. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली तरी आमची जागा पक्की होती.

तो सामना आमच्याच मैदानावर होता. त्रिंबक आणि पुतळाबाई फुलंब्रीहून आले होते. सुरेखा मॅडम छत्री घेऊन उन्हात बसल्या होत्या. समोरच्या संघाने अभ्यास केला होता. त्यांनी शालूवर दोन खेळाडू सोडल्या आणि त्या तिला हलू देईनात. तरी आमच्या मुली बॉल मिळाला की शालूलाच शोधायच्या. डावीकडे प्रेरणा मोकळी उभी राहून हात वर करत होती, तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. प्रेरणाच्या पायाशी बॉल आला तर तीही शालूकडेच पाहायची. मध्यंतरानंतर आमची बचावातली मुलगी अशीच बॉल घेऊन शालू मोकळी व्हायची वाट बघत थांबली. तो हिसकावला गेला आणि आमच्यावर गोल झाला.

शालू मैदानाच्या मध्ये उभी राहिली. तिने मान वळवून मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. मग ती सावकाश चालत रेषेपाशी आली.

"गोकुळ, बदली खेळाडू. सहा नंबर भायेर."

गोकुळ बदलीच्या नंबरांची पाटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. "ताई, सहा नंबर तुमचाच हाय."

"मला म्हाईत हाय. सोनियाला पाठव."

सोनिया राखीव खेळाडूंत सगळ्यात लहान होती. ती घाबरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मंडळाचे अध्यक्ष पायऱ्या उतरून धावत आले. "मॅडम, हे काय करताय? आपण मागं आहोत!" शालूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने हातावरची कर्णधाराची पट्टी काढली आणि प्रेरणाला बोलावून तिच्या दंडावर चढवली. पट्टी सैल होत होती.

"ताई, आत्ता नका जाऊ," प्रेरणा म्हणाली. "तुमच्याशिवाय आम्ही काय करणार?"

"बॉल मिळाला की तुम्ही मला हुडकता. आता मी दिसणार नाय. दुसरं कोण दिसतं ते बघ."

ती बाहेर आली आणि बाकावर माझ्याशेजारी बसली. एरवी तिला बाहेर बसवलं जायचं तेव्हा ती मला पायाने दूर सारायची. आज तिने माझा पट्टा मुठीत धरला आणि पिळत राहिली. समोर सगळा गोंधळ चालला होता. मुली एकमेकींना धडकत होत्या. समोरच्या संघाने पुन्हा बॉल मारला, आमच्या गोलकीपरने तो कसाबसा बोटांनी बाहेर ढकलला. लोक ओरडत होते. मागून कुणीतरी म्हणालं, प्रशिक्षक पळून गेली. शालूचे ओठ हलत होते, आणि फक्त मला ऐकू येत होतं, "बघ. बघ. बघ."

हळूहळू खेळ उलगडत गेला. जे बॉल मध्येच अडकायचे, ते आता कडेने जाऊ लागले. शालूवर सोडलेल्या त्या दोन खेळाडूंना आता कुणावर जावं, हेच कळेना. सामना संपत आला होता. बॉल प्रेरणाकडे येत होता, आणि तो पोहोचायच्या आधी मी तिची मान वळलेली पाहिली. तिच्या जवळच्या मुली हात वर करून ओरडत होत्या. प्रेरणाने त्यांच्याकडे न देता बॉल पार पलीकडच्या टोकाला उचलून टाकला. तिथं सोनिया एकटी होती. आपल्याला कुणी बॉल देईल, असं तिला स्वतःलाही वाटलं नसावं. तिने डोळे मिटून मारला, असं ती नंतर सांगायची. पण बॉल जाळीत होता.

मैदान दणाणलं. गोकुळने पाटी हवेत फेकली. शालू उडी मारून उठली आणि लगेच खाली बसली, कारण अजून काही मिनिटं उरली होती. ती मिनिटं मुलींनी स्वतःच्या जिवावर काढली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा बरोबरी होती. आमची लीगमधली जागा पक्की होती आणि संघ राहणार होता.

मुली प्रेरणाला उचलून नाचत होत्या. शालू बाकावर बसूनच बुटांच्या नाड्या सोडत होती. खेळाडू म्हणून हा तिचा शेवटचा सामना, हे तिला कळलं होतं, मलाही. तिने बूट एकमेकांवर आपटून माती झाडली आणि माझ्यात ठेवले. चेन लावताना ती रडत होती आणि त्याच वेळी मैदानाकडे बघून हसतही होती. त्रिंबक पायऱ्या उतरून आले. त्यांनी वाकून मला उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"दे. आज मी घेतो," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

आता राज्याच्या लीगमधला आमचा दुसरा हंगाम चालू आहे. शालू पूर्ण वेळ प्रशिक्षक आहे. तिच्या हाताखालून दोन मुली मोठ्या क्लबांत गेल्या, प्रेरणा त्यांपैकी एक. मंडळाने नवं कार्यालय बांधलं आहे आणि त्यात काचेचं कपाट केलं आहे. ढाली, पदकं आणि शालूचा जुना शर्ट त्यात मांडला आहे. परवा अध्यक्ष मला उचलून म्हणाले, "मॅडम, ही बॅगही कपाटात ठेवू. नाव लिहून लावू. पाहुणे येतात, त्यांना दाखवता येईल."

काचेमागे ना धूळ, ना ऊन, ना चिखल. लोक येतील, बघतील, जातील. खाटेखालचा अंधार परवडला, निदान तिथून बाहेर पडायची आशा तरी होती.

शालू सरावासाठी निघाली होती. तिने अध्यक्षांच्या हातून मला घेतलं, टेबलावरची घामाने ओली जाकिटं माझ्यात कोंबली आणि म्हणाली, "नाय हो साहेब. तिला वेळ कुठाय?"

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. तुमची बॅग, तुमचे बूट, तुमचा बॉल यांना जपा. घरी गेलात की ओले कपडे आमच्या पोटात कुजत ठेवू नका. चिखल वाळायच्या आत पुसा. चेन अडली तर हिसका देऊ नका, थोडं मेण चोळा. शिलाई उसवली तर त्याच आठवड्यात टाका घाला. आणि एवढं करून झालं की आम्हाला कपाटात पुजू नका, रोज वापरा. आम्ही वापरून झिजतो, त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही.

आता मला थांबलं पाहिजे. मुली जमल्या आहेत आणि शालूने माझी चेन उघडली आहे. आज तिला निळी जाकिटं हवी आहेत, आणि ती नेमकी तळाशी आहेत.